इंदरमल शेठच्या दातांचा खाजगीपणा

नंदुरबारच्या इंदरमल शेठला गुरुवारी सकाळी सव्वादहाला सुरतेहून एक डबा आला. बास, एवढंच झालं होतं.

डबा घेऊन आला हेमकांत. कुरिअरमध्ये नऊ वर्षं. कोणाच्या दाराला कडी नाही, कोणाचं कुत्रं नुसतंच भुंकतं, सगळं त्याला पाठ. पण हा डबा साधा नव्हता. मागच्या खेपेला शेठची कवळी येता येता तडकली, म्हणून या वेळी सुरतच्या डॉक्टरांनी ती हुशार डब्यात पाठवली. डब्याला सेन्सर. ऊन किती लागलं, आपटला किती, आत्ता कुठे आहे, सगळं टिपणार. आणि कुलूप असं, की जागेची नोंद झाली तरच उघडणार.

रविवारी नातीचा, चांदनीचा साखरपुडा. जेवणात दालबाटी. शेठ बहात्तर वर्षांचे आणि गेली वीस वर्षं गावभर सांगतात, "एक दात हालना नही!" आता व्याह्यांसमोर बाटी काय चोखून खाणार?

"हळू बोल ना भो," शेठ गल्ल्यावरून वाकले. "डबामा काय शे ते कोनले सांगू नको. दे."

"देता येत नही, शेठ."

झालं असं, की कंपनीने सोमवारीच नवी नियमावली काढली होती. ग्राहकाचा खाजगीपणा जपण्यासाठी घर, दुकान, देऊळ, शाळा, दवाखाना यांच्या दोनशे मीटरच्या आत सेन्सर आपोआप बंद. सेन्सर बंद म्हणजे नोंद बंद. नोंद बंद म्हणजे कुलूप बंद. थोडक्यात, जिथे माणूस राहत नाही तिथेच त्याला पार्सल मिळणार.

"डबा मन्हा हातमा शे, तुम्हना हात आठेच समोर शे," हेमकांत हातातलं नोंदीचं मशीन दाखवत कळवळून म्हणाला, "पन मशीन म्हनस तुम्ही खाजगी जागामा शेतस."

"मंग घरमा नही ऱ्हासू ते काय झाडवर ऱ्हासू?"

दोघं शाखेत गेले. शाखाधिकारी शांतीलाल भला माणूस. त्याने लगेच फॉर्म काढला. खाजगीपणा शिथिलीकरण अर्ज, नमुना चार. शेठने वस्तूच्या नावापुढे लिहिलं, 'वैयक्तिक'.

"असं चालत नाही, शेठ. नेमकं काय खाजगी आहे ते स्पष्ट लिहा. आम्हाला कळलंच नाही तर आम्ही ते गुप्त कसं ठेवणार?"

शेठने इकडे तिकडे बघितलं आणि बारीक अक्षरात लिहिलं. दात, वरचे आणि खालचे.

"आता दोन शेजाऱ्यांच्या सह्या. सेन्सर चालू झाला तर त्यांचाही खाजगीपणा धोक्यात येतो ना! आणि अर्ज दोन दिवस बाहेर फळ्यावर लागेल. कोणाची हरकत असली तर यायला नको का?"

शेजारी कोण? चुनीलाल. समोरचं दुकान, तीस वर्षांची चढाओढ. त्याने चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला. दुसऱ्यांदा मोठ्याने. मग हरकतच घेतली. "शेठ ते आखी सुपारी फोडतस! त्यासना दात त्यासना तोंडमा शेतस. मंग हाई दात कोना शेतस? चौकशी करा!"

चौकशीची तारीख पडली पुढच्या बुधवारी. साखरपुडा रविवारी दुपारी.

रविवारी सकाळी हेमकांतचं डोकं चाललं. गावाबाहेर मिरची वाळवायची पथारी आहे ना, तिथे ना घर, ना देऊळ, ना शाळा. त्याने शेठला मोटरसायकलवर मागे बसवलं. मैदानभर लाल मिरची पसरलेली, चाळीस बाया ती हलवत होत्या आणि चाळीसही जणींनी फळा वाचलेला होता.

मशीन पीप-पीप वाजलं. नोंद झाली. कुलूप उघडलं! शेठच्या डोळ्यांत पाणी.

"थांबा," हेमकांत मशीन वाचत म्हणाला. "वस्तू चालू हालतीत शे का, ते जागावर वापरीसन दखाडनं पडस."

शेठने पाठ वळवली, कवळी बसवली, छाती भरून श्वास घेतला. मिरचीच्या पथारीवर. छाती भरून!

शिंक अशी आली की दोन्ही ओळी निघाल्या त्या थेट मिरचीत. हातातल्या रिकाम्या डब्यानेही धक्का नोंदवला. चाळीस बाया खाली वाकल्या. दहा मिनिटांनी भिकुबाईने हात वर केला आणि पार रस्त्यावर ऐकू जाईल अशी ओरडली, "ओ शेठ! तुम्हना दात सापडी गयात! खालना बी आनि वरना बी!"

कॅनच्या पाण्याने दात धुतले, पण नंदुरबारची मिरची ती, अशी थोडीच सोडते. दुपारी पंगतीत शेठने व्याह्यांसमोर तीन बाट्या चावून खाल्ल्या. ओठ सुजलेले, डोळ्यांतून धारा. व्याही गहिवरले. "नातीवर केवढा जीव!" पंगतीतला अख्खा गाव माना खाली घालून वरण कालवत बसला.

संध्याकाळी शेठच्या मोबाईलवर मेसेज आला. 'अभिनंदन! या डिलिव्हरीत आपली कोणतीही खाजगी माहिती आमच्या यंत्रणेत साठवलेली नाही.' आणि ते खरंच होतं हां. यंत्रणेत सोडून सगळीकडे होती.

सोमवारी शांतीलालने हेमकांतच्या हातात रजिस्टर दिलं. ग्राहकाची खाजगी बाब ज्या ज्या माणसाला कळली, त्याने ती गुप्त ठेवण्याची हमी द्यायची. नाव, मोबाईल, घरचा पत्ता आणि आपले स्वतःचे दात किती, हेही लिहायचं. यादी फळ्यावर लागणार.

बाया झाल्या, चुनीलाल झाला, पंगत झाली. हेमकांत अजून फिरतोच आहे.

आणि तुम्ही तर आत्ताच सगळं ऐकलंत. हे घ्या पेन. दात मोजून लिहा, अंदाजे चालत नाही.