घडीसर आणि चुण्यांचा शर्ट

घडीसरांना सुनेच्या कपड्यांबद्दल एक अक्षरही बोलायची परवानगी नव्हती. ही बंदी त्यांच्या पत्नीने, म्हणजे सरांसकट सगळं घर जिला आई म्हणतं तिने, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात घातली. सूनबाई एक बाजू गुडघ्यापर्यंत आणि दुसरी कमरेपर्यंत असलेला कुडता घालून बाहेर आली होती, तेव्हा सरांनी अगदी मायेने विचारलं होतं, "शिंप्याला काही घाई होती का गं?" सूनबाई कसनुशी हसली आणि तेव्हापासून ती सरांशी 'हो बाबा' आणि 'नाही बाबा' एवढंच बोलू लागली.

याचं सरांना फार वाईट वाटे. पण तिच्या कपड्यांचंही वाईट वाटेच. सरांनी सगळी नोकरी शाळेत कवायत शिकवण्यात घालवली होती. प्रार्थनेच्या वेळी ते रांगांमधून हिंडायचे ते मुलांचे चेहरे बघायला नव्हे, पँटची घडी बघायला. म्हणून पोरांनी त्यांना घडीसर हे नाव ठेवलं आणि पुढे ते मुख्याध्यापकांच्याही तोंडी बसलं. निवृत्त झाल्यावर सरांनी घरातली सगळी इस्त्री अंगावर घेतली. शर्ट, पँट, उशांचे अभ्रे, हातरुमाल, इतकंच काय, ओटा पुसायची फडकीसुद्धा त्यांच्या हाताखालून कडक होऊन बाहेर पडत. घरात आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो हे त्यांना या इस्त्रीमुळेच वाटायचं. त्या घरात एकाच माणसाचे कपडे त्यांच्याकडे कधी येत नसत. मागितले की सूनबाई म्हणायची, "नाही बाबा."

त्या दिवशी सूनबाईची मुलाखत होती. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात नवे कपडे बेतायला माणूस हवं होतं. आदल्या संध्याकाळी जेवताना तिने मुलाखतीबद्दल सगळं सांगितलं, पण कपड्यांचा विषय निघाला की आपल्या तोंडून काहीतरी जाईल या धास्तीने सर ताटात बघत मनातल्या मनात पाढे म्हणत बसायचे. त्यामुळे मुलाखत आहे एवढंच त्यांच्या कानावर पडलं आणि पुढचं सगळं सतराच्या पाढ्यात वाहून गेलं.

सकाळी ती अंघोळीला गेली आणि सरांना दाराच्या खुंटीवर एक निळा शर्ट दिसला. वासराने रात्रभर चघळावा तसा दिसत होता बिचारा. पोरीची मुलाखत, आणि धांदलीत शर्टाला इस्त्री करायची राहून गेली. मागायला ती संकोचली असणार. बंदी बोलण्यावर होती, हातांवर नव्हती. सरांनी शर्ट उचलला.

शर्टही काही साधा नव्हता. एक चुणी सपाट करावी तर दुसरी डोकं वर काढी. सरांनी पाणी शिंपडलं, वाफ सोडली, दोन्ही हातांनी भार दिला. शेवटी ठेवणीतला स्टार्च काढला. घामाघूम झाले, पण शर्ट असा सरळ केला की त्यावर फूटपट्टी ठेवून रेघ मारावी. तो खुंटीवर अडकवून ते खुर्चीत बसले आणि सूनबाई आज 'हो बाबा'च्या पुढे काय बोलेल याची वाट बघू लागले.

आधी आई आली. तिने शर्ट पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे काय केलंत?"

"इस्त्री. बोललो काहीच नाही हं मी."

"अहो, तो चुण्यांचाच शर्ट आहे. स्वतः बनवलेलं काहीतरी घालून या म्हणून सांगितलंय तिला. ओला करून, पिळून, दोऱ्याने बांधून ठेवला होता दोन दिवस. काल जेवताना सांगत नव्हती का? कुठे होतात तुम्ही?"

"सतरा नवे त्रेपन्नासे," सर पुटपुटले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"चुरगळा आता," आई म्हणाली. "मुठीत धरा आणि चुरगळा. मी दोरा शोधते."

सरांनी शर्ट मुठीत धरला. पण ज्या हातांनी जन्मभर घड्या घातल्या ते हात ऐन वेळी ऐकेनात. मूठ आवळली की बोटं आपसूक कडा जुळवत, आणि मूठ उघडली की तळवा कापडावरून फिरून ते नीट करी. आई दोरा घेऊन परतली तेव्हा शर्टावर सगळीकडे एकसारखे छोटे चौकोन पडले होते.

"हे चुरगळलंय की बुद्धिबळाचा पट मांडलाय?"

"अगं, मला दुसरं येतच नाही," सर काकुळतीला येऊन म्हणाले.

तेवढ्यात सूनबाई बाहेर आली. ती ओरडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. शर्ट हातात घेऊन खाली स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "आता काय घालू?"

"चुकलं माझं, पोरी," सर म्हणाले. "मला वाटलं, तुझी मुलाखत आहे, निदान एवढं तरी करावं."

सूनबाईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण पट्टा बांधत चिरंजीव खोलीतून आले. त्यांनी शर्टाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"इकडे दे," ते म्हणाले. त्यांनी शर्टावर पाण्याचा हबका मारला, दोन्ही टोकं धरून त्याचा दोरखंडासारखा पीळ केला, तो दुमडून पुन्हा पिळला, आईकडून दोरा घेऊन करकचून बांधला, खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसले. थोड्या वेळाने उठून केस वाळवायच्या यंत्राने त्याला गरम हवा दिली. दोरा सोडला तेव्हा शर्टभर बारीक नागमोडी चुण्या उठल्या होत्या. इतक्या सराईतपणे कपड्याची वाट लावणारा माणूस सरांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"हे तुला कुठून येतं रे?" त्यांनी विचारलं.

चिरंजीवांनी बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "रोजचंच आहे, बाबा."

"म्हणजे?"

"शाळेत पाण्याच्या टाकीमागे जाऊन करायचो. मुलं मला पुठ्ठा म्हणायची. आता जिन्याच्या खालच्या वळणावर करतो. एवढ्या कडक शर्टात खाली वाकता येत नाही हो."

सरांनी आधारासाठी आईकडे पाहिलं. आई दोरा गुंडाळण्यात अचानक फार गढून गेली होती.

"तूसुद्धा?"

"फक्त अभ्रे," आई म्हणाली. "अहो, घडी गालावर उमटते. तुम्ही फिरायला गेलात की जरा चोळून ठेवते, इतकंच."

मधल्या मधे सूनबाईने शर्ट घालूनसुद्धा पाहिला होता. "स्टार्चमुळे चुण्या चांगल्या बसल्यात, बाबा," ती म्हणाली. "आधी एवढ्या टिकत नव्हत्या." तिने हे समजूत काढायला म्हटलं की खरोखर, हे सरांना कळलं नाही. ती निघाली. तिच्यामागून चिरंजीवही निघाले आणि आज जिन्यात थांबले की नाही, ते बघायला सर खिडकीपाशी गेले नाहीत.

त्यांनी इस्त्री कपाटावर ठेवून दिली. दुपारी वाळलेले कपडे दोरीवरून आले आणि ढीग होऊन पलंगावर पडून राहिले. सरांना राग आला नव्हता. राग आला असता तर त्यांनी तो आईवर काढला असता आणि मोकळे झाले असते. आपण आयुष्यभर जे प्रेमाने करत आलो ते ही माणसं आपल्याला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप पुसत आली, या विचाराने त्यांना रडू येत होतं. आईने जेवायला दोनदा हाक मारली तेव्हा ते उठले आणि पाढे न म्हणताही गप्प जेवले.

संध्याकाळी सूनबाई आली ती नोकरी घेऊनच. शर्ट सगळ्यांना आवडला होता. आईने तिला जवळ घेतलं, चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही दुरून "शाब्बास" म्हटलं. मग सूनबाई एक पुडकं घेऊन त्यांच्या समोर येऊन बसली.

"बाबा, एक अडचण आहे. पहिले काही महिने दुकानातच उभं राहायचं, गिऱ्हाइकांना काय आवडतं ते बघायचं. आणि तिथे सगळ्यांना एकच गणवेश आहे."

तिने पुडकं सोडलं. आत पांढरा शर्ट होता आणि करड्या रंगाची सरळसोट पँट.

"विकायचे ते चुरगळलेले कपडे," ती म्हणाली, "आणि विकणाऱ्याच्या पँटला घडी नसेल तर दारातून परत पाठवतात. एकीला आज माझ्या डोळ्यांदेखत पाठवलं. मला घडी घालता येत नाही, बाबा. सारख्या दोन-दोन पडतात."

लग्नापासून ती एका दमात सरांशी एवढं कधी बोलली नव्हती. सरांनी पँट हातात घेतली, शिवण शिवणीला लावली आणि अंगठ्याने कडेवरून एकदा खालपर्यंत जाऊन आले.

"घालून देतो," ते म्हणाले. "पण जिन्यात जाऊन पुसणार असशील तर आताच सांग."

"नाही पुसणार."

"बघ हं. वाकता येत नाही म्हणे."

"मला उभंच राहायचंय, बाबा," सूनबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच दोघं एकदम हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण पाय गेले. खाली रस्त्यावर सूनबाई बसची वाट बघत होती. शेजारी बाक रिकामा होता, तरी ती बसली नव्हती. मागून चिरंजीव आले आणि सवयीने त्यांचा हात स्वतःच्या शर्टाच्या बाहीकडे गेला. सूनबाईने त्या हातावर एक चापटी मारली. चिरंजीवांनी वर खिडकीकडे पाहिलं आणि पुठ्ठ्यासारखे ताठ उभे राहिले.

सर आत वळले. पलंगावर कालचा ढीग तसाच होता. पँटसाठी उतरवलेली इस्त्री त्यांनी परत कपाटावर ठेवली नाही; ढिगातून उशीचे अभ्रे शोधून काढले आणि इस्त्री न करता, हातानेच जरा चोळून, आईच्या उशीवर चढवले. कडा तेवढ्या जुळवल्या.