देव्हाऱ्यातली सनद

दसऱ्याच्या सकाळी हैद्राबादकडल्या कल्याणच्या गुंडेरावांनी देव्हाऱ्यातली सनद खाली काढली. तिरमलराव पणजोबांना पराक्रमाबद्दल मिळालेला हा फारसी कागद. घरात तो आजवर कुणालाच वाचता आला नव्हता. पण त्याला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय गुंडेरावांच्या पत्नी चंद्रभागाबाई पाण्याचा घोट घेत नसत. कागदाचा खालचा भाग कुंकवानं पार झाकून गेला होता.

आज मन्नाएखेळ्ळीचे हणमंतराव आपल्या मुलासाठी गुंडेरावांच्या नलिनीला बघायला आले होते. "आमच्याकडंबी हाय अशीच सनद," ते म्हणाले. "आमच्या व्यंकणराव पणजोबांची. सोवळ्यातली, कुणी उघडत न्हाई."

"आमची आज उघडू की! गुरुराज, वाच मोठ्यानं," गुंडेराव मुलाला म्हणाले. हैद्राबादेत कॉलेजात इतिहास शिकणारा गुरुराज त्यासाठी फारसीही शिकला होता.

त्यानं दोन ओळी मनात वाचल्या आणि तो थांबला. सनद कसली! तो कोतवालाचा हुकूम होता. तिरमलरावानं म्हैस चोरली. तिचं शेपूट हातात देऊन त्याला गावभर हिंडवावं.

"कामून थांबलास?"

"अप्पा, अक्षर लई जुनं हाय..."

"मग दोन वर्षं कॉलेजात काय करायलास? भजी खायलास?"

दाराआड नलिनी उभी होती. गुरुराजनं बहिणीकडं एकदा पाहिलं. "तिरमलरावांचं काम बघून... सरकारनं त्यांची गावातून मिरवणूक काढली."

"हत्तीवरून?"

"न्हाई, पायीच. जनावर... होतं संगं."

"बघा पाव्हणे!" गुंडेरावांची छाती फुगली.

हणमंतरावांनी शांतपणे खिशातून चष्मा काढला. "आणा इकडं. आम्ही जन्मभर कचेरीत पेशकारी केली, फारसी येती आम्हाला."

गुरुराजनं नाइलाजानं कागद पुढं केला. चंद्रभागाबाईंची जपमाळ जागीच थांबली. हणमंतराव वाचत गेले, तशा त्यांच्या भुवया वर चढल्या. खालची ओळ दिसेना, म्हणून त्यांनी अंगठ्यानं कुंकू खरवडलं. आणि अंगठा तसाच राहिला. गुरुराजनं वाकून पाहिलं. तिथं लिहिलं होतं: आणि त्याचा जोडीदार, मन्नाएखेळ्ळीचा व्यंकणराव.

हणमंतरावांनी चष्मा उतरवला.

"पराक्रमच हाय," हणमंतराव खाकरून म्हणाले. "लई जुना घरोबा निघाला आपला, गुंडेराव. मुलगी पसंत हाय आम्हाला."

मग गुरुराजच्या कानाशी वाकून ते पुटपुटले, "बाळा, आमच्या घरी आलास तर लाडू माग, चिवडा माग. कागद तेवढा मागू नकोस."

चंद्रभागाबाईंनी कागद परत घेतला. व्याह्यांचा चेहरा पाहिला, गुरुराजचा पाहिला. खरवडलेल्या जागी कुंकवाचं बोट लावलं. आज जरा दाटच.