बिनखवल्याचा घास

सोडे मी घातले होते. माझ्या बायकोने सुमनने नव्हे, माझ्या थोरल्या भावाने दादाने नव्हे, मी. खवले नसलेल्या प्राण्याचा घास ज्याने जन्मात तोंडाला लावला नव्हता, त्या माणसाच्या ताटात वाळवलेल्या कोळंबीची पूड माझ्या हाताने गेली. हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढे डॅनियलकाकांविषयी जे अभिमानाने सांगणार आहे, ते सांगायचा थोडा तरी अधिकार मला राहील.

डॅनियलकाका म्हसळेकर आमचे शेजारी. एकाच कौलारू घराच्या ओसरीला एका टोकाला आम्ही आणि दुसऱ्या टोकाला ते. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त. रत्नागिरीत राहायचं आणि कोळंबी नाही, कुर्ली नाही, तिसऱ्या नाहीत, मोरी नाही, हे आमच्याकडच्या माणसाला समुद्राकडे पाठ करून बसण्यासारखंच वाटतं. पण काका यहुदी. त्यांच्या धर्मात ज्या माशाला खवले आणि पर, तोच खायचा. त्यामुळे त्यांचा बाजार म्हणजे तपासणीच असायची.

"खवले दाखव, मग भाव सांग," हे त्यांचं पहिलं वाक्य.

मासेवाली अमिनाबी त्यांना लांबूनच ओळखायची. "आले गो आले, खवल्यांचे इन्स्पेक्टर आले! काका, ही सुरमई हाय. माझ्या आज्यापासून सुरमईच हाय. तिला पन तपासनार?"

"तुझ्या आज्यावर माझा विश्वास आहे," काका चष्मा पुसत म्हणायचे, "सुरमईवर नाही."

मग सुरमईच्या अंगावरून नख उलटं फिरवायचं, बोटाला चिकटलेला इवलासा खवला उन्हात धरायचा आणि समाधानाने पिशवी पुढे करायची. शेवटी अमिनाबी काका दिसले की एक खवला आधीच काढून पाटीच्या काठावर चिकटवून ठेवायला लागली. काका तो झटकून टाकायचे आणि स्वतःचा काढायचे.

माशांची ही परीक्षा त्यांनी माणसांनाही लावली होती. माझ्या साहेबांना एकदाच बघून म्हणाले, "बाळ, जपून. बिनखवल्याचा आहे." सहा महिन्यांत त्या साहेबाने माझी बदली करायचा घाट घातला. उलट कुणी मनात भरलं की, "ह्याला खवले आहेत, पर आहेत, चालेल!" मला त्यांनी पहिल्याच वर्षी पास केलं होतं. सुमनला तर म्हणायचे, "सूनबाई, तुझं बघायलाच नको."

एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्याने त्यांना विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" काका म्हणाले, "म्हसळ्याचे." "नाही, त्याच्या आधी?" काकांनी शांतपणे तपकिरीची चिमूट ओढली. "आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. तेव्हापासून कोकणात आहोत. तुमचे पूर्वज कधी आले?" हा किस्सा मी ऑफिसात इतक्यांदा सांगितलाय, की जणू ते गलबत आमच्याच घरातलं होतं.

त्यांची बहुतेक माणसं इस्रायलला गेली. मुलगाही तिकडेच. तो बोलवायचा, पण काका जात नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "तिकडे सगळेच शनवार पाळतात रे. मग त्यात माझं विशेष काय?" खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांची बायको, रिबेकामावशी, गावाबाहेर कातळावर एकटीच पुरलेली होती. तिच्या शेजारी दुसरं कुणी नव्हतं.

शनवार म्हणजे त्यांचा शब्बाथ. शुक्रवारी दिवस कलायच्या आत ओसरीवर लगबग सुरू व्हायची. आंघोळ, मावशी लावायची तो तेलाचा दिवा, आणि पंख्याचं बटण दाबून त्यावर चिकटपट्टी. ती पट्टी शनवारी आकाशात तारे दिसेपर्यंत काढायची नाही. चूल नाही, काडी नाही, दिव्याचं बटण नाही. मे महिन्याच्या उन्हात, कौलं तापून घराची भट्टी झालेली असताना, काका काळा कोट आणि टोपी घालून पश्चिमेला तोंड करून प्रार्थनेला उभे राहायचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, ह्यांना न्यायला मिऱ्या बंदरावर बोट यायची आहे.

कुणाला काम सांगायचं नाही हाही शब्बाथचा नियम. पण बोलायला बंदी नव्हती. वीज जाऊन आली आणि पंखा अडकला, की ओसरीवरून आवाज यायचा, "आज वारा अगदीच पडलाय, नाही?" सुमन जाऊन पात्याला धक्का देऊन यायची. "मी काही सांगितलं नाही हां, सूनबाई. मी हवेबद्दल बोललो."

आंब्याची गंमत आणखी वेगळी. अंगणातला हापूस त्यांच्या वाटणीचा. आठवडाभर ते झेल्याने, जाळी लावलेल्या काठीने, एकेक फळ असं उतरवायचे, की देठही दुखू नये. शनवारी पडलेल्या फळाला मात्र हात लावायचा नाही. "शनवारी पडलेलं माझं नाही," म्हणायचे. मग ते पोरांचं. आणि दर शुक्रवारी, अगदी पिवळीधमक झालेली चार-सहा फळं त्यांच्या नजरेतून हटकून सुटायची. मी एकदा झेला घेऊन म्हटलं, "काका, ती वरची राहिली." ते खेकसले, "तुला कुणी विचारलं?"

मावशी गेल्यापासून शनवारी दुपारी आमच्याकडून त्यांना ताट जायचं. त्यालाही अट होती. "माझ्यासाठी चूल पेटवू नका. तुमच्यासाठी रांधलंत, त्यातलं उरलं तर द्या." वालाचं बिरडं आणि भात, शनवारचं हेच ठरलेलं. कोकणात बिरड्यात सोडे पडले की खाणाऱ्याचे डोळे मिटतात. पण आमच्या शनवारच्या बिरड्यात सोडे नसायचे, आणि सुमन ते नेहमी उरेल इतकंच करायची.

मग तो उन्हाळा आला. मुंबईत गिरण्यांचा संप लांबला आणि माझा थोरला भाऊ बायकापोरांसह आमच्या दोन खोल्यांत येऊन राहिला. आमच्या भागात घरोघरी तेच चाललं होतं. ज्यांच्या मनिऑर्डरींवर गावं जगली, ती माणसं ओसऱ्यांवर बसून विड्या ओढत होती. दादाने गिरणीत रात्रपाळ्या करून मला शिकवलं होतं. आता तो माझ्याच घरात पाणी पिताना इकडेतिकडे बघून प्यायचा. विहिरी आटल्या होत्या, टँकरवर भांडणं व्हायची, आणि मी सगळ्यांवर विनाकारण चिडलेला असायचो.

त्या शनवारी मी रजेवर होतो. सुमन टँकरच्या रांगेत गेली होती. बिरडं चुलीवर रटरटत होतं. दादाने झाकण उचलून बघितलं आणि हळूच म्हणाला, "सोडे नाय घालत तुम्ही?"

"शनवारी नाही. काकांना जातं ना त्यातलं."

"हां हां, असू दे. आई घालायची, त्याची आठवण झाली." एवढंच बोलून तो बाहेर गेला. संप सुरू झाल्यापासून त्याने काही मागितलं असेल तर हे पहिलंच.

मी डबा काढला. सोडे तव्यावर भाजले, पाट्यावर पूड केली आणि बिरड्यात टाकली. आधी काकांपुरती वाटी काढून ठेवायची, एवढंच काम होतं. ते मला सुचलंही होतं, म्हणून तर चुकून म्हणता येत नाही. मी म्हटलं, जाऊ दे, तपकीर ओढून ओढून नाक गेलंय त्यांचं, कुठे कळणार आहे!

सुमन घामाघूम होऊन आली, हंडे ठेवले आणि नेहमीसारखं पहिलं ताट भरून काकांना देऊन आली. आम्ही जेवायला बसलो. पहिल्या घासाला तिचा हात थांबला.

"ह्यात सोडे कुणी घातले?"

दादा खाली बघून जेवत होता, आणि किती दिवसांनी पोटभर जेवत होता. मी म्हटलं, "आता बोलू नकोस. खाऊन झालं असेल त्यांचं."

तेवढ्यात ओसरीवरून काकांचा आवाज आला. हातात चाटूनपुसून रिकामं केलेलं ताट. "सूनबाई, आज अगदी रिबेकाच्या हातची चव!"

सुमन माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी प्यायलो.

त्याच आठवड्यात काका दादाजवळ येऊन बसले. "तुझ्यासाठी मलिदा करणार आहे. गुरुवारी." मलिदा म्हणजे त्यांच्याकडचा नवस. गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहू नबीच्या नावाने प्रार्थना करायची आणि मागायचं.

दादा ओशाळला. "काका, माझ्यासाठी कशाला? तुमचा देव मला ओळखत नाय."

"मला ओळखतो ना! आता मी त्याच्यापुढे काय घेऊन उभा राहणार? पैसा नाही, विद्या नाही. मी त्याला सांगणार, बाबा, ह्या रत्नागिरीत भिंतीला नाक लावलं तरी सुकटीचा वास येतो. इथे राहून मी बिनखवल्याचा घास खाल्लेला नाही. एवढंच माझं इमान. त्याच्यावर ह्या माणसाला काम दे." आणि अभिमानाने त्यांनी अशी काही मान ताठ केली, की मला तिथून उठावं लागलं.

ज्या एका गोष्टीच्या जोरावर हा म्हातारा माझ्या भावासाठी मागायला निघाला होता, तीच मी बुडवून बसलो होतो. आणि त्याला हे ठाऊकही नव्हतं. तो देवापुढे उभा राहून माझ्यामुळे खोटं बोलणार होता.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. काका विळीवर नारळ खवत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला.

"दिसले नाहीत मला."

"पूड केली होती."

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण अपराधी माणसाला गप्प बसवत नाही, त्याला वाटेकरी लागतो. मी म्हणालो, "पण काका, तुम्हीच म्हणालात ना, मावशीच्या हातची चव आली म्हणून. म्हणजे मावशीसुद्धा कधीतरी थोडे..."

काका विळीवरून उठले. भिंतीवर मावशीचा फोटो होता, हिरव्या बांगड्यांतला. त्याच्यासमोर ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"घरी जा, बाळ."

मला वाटलं, आता मलिदा होत नाही. पण गुरुवारी ओसरीवर चादर अंथरलेली होती. ताटात पोहे, गूळ-खोबरं, केळी, आणि अंगणातले हापूस. काकांनी कोट घातला होता. दादाचं डोकं उघडं होतं, तर स्वतःचा रुमाल काढून त्याच्या डोक्यावर घातला. अमिनाबी कुठून ऐकून आली होती कोण जाणे, पदर डोक्यावर घेऊन पायरीवर बसली होती. काकांनी पश्चिमेला तोंड करून हिब्रूत प्रार्थना म्हटली. मग मध्येच थांबले आणि खणखणीत मराठीत म्हणाले, "आज माझ्याकडे दाखवायला काही नाही. मोकळ्या हाताने आलोय. तरी मागतो. ह्याला काम दे."

दादा रुमालाच्या टोकाने डोळे पुसत होता. मी त्या माणसाकडे बघत राहिलो. सगळं गमावल्यावरही त्यांची मान दादाला मलिद्याचं सांगताना होती तशीच ताठ होती. असा माणूस आमच्या ओसरीवर राहतो, ह्याचा मला त्या दिवशी वाटला तेवढा अभिमान कधी वाटला नाही. लाजही तेवढीच वाटली.

दादाची गिरणी काही उघडली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तो हातखंब्याला ट्रकच्या एका गॅरेजात लागला, तो अजून तिथेच आहे. काकांच्या मते एलियाहूने चोख काम केलं. गिरणी मागितलीच नव्हती, काम मागितलं होतं.

त्या गुरुवारी मलिदा सगळ्यांना वाटून झाल्यावर काकांनी मला आत बोलावलं आणि शेवटची पत्रावळ हातात दिली. मी ती खाली ठेवली आणि त्यांच्या पायाशी वाकलो. "काका, मला माफ करा."

"माझी नको मागू. मी न कळता खाल्लं, ते मी आणि तो वरचा बघून घेऊ." ते खुर्चीवर बसले. टोपी काढून हातात फिरवली. "रिबेकाने ह्या घरात कधी सोड्याचा कण आणला नाही. लग्न होऊन आली त्या दिवशी शेजारणीने सोड्याच्या कालवणाची वाटी पाठवली, तर वाटी नुसती टेकली म्हणून हिने तपेली तीनदा घासली. कळलं?"

"हो काका. पण मग तुम्ही त्या शनवारी..."

"त्या शनवारी नाही रे. दर शनवारी म्हणतो. सूनबाईला विचार."

सुमन दारात उभी होती. तिने मान हलवली. शनवारी दुपारी मी ऑफिसात असायचो, मला कधी कळलंच नव्हतं.

काका फोटोकडे बघत म्हणाले, "तुमच्या घरातनं ताट येताना ओसरीवर पावलं वाजतात ना, तेव्हाच लागते मला तिच्या हातची चव. अजून झाकणसुद्धा काढलेलं नसतं. तू त्यात सोडे घाल नाहीतर माती घाल." मग टोपी डोक्यावर घातली. "माफी तिची माग. तिच्यावर आळ घेतलास तू."

मी फोटोसमोर जाऊन उभा राहिलो. हात जोडावेत की नाहीत, त्यांच्यात काय करतात, काही ठाऊक नव्हतं. मी जोडले.

"मावशी," मी म्हणालो, "सोडे मी घातले. तुम्ही कधीच घातले नाहीत."