आदी बांद फिरून येऊ

हसुरामकाकांनी आमच्या कॉलेजात आजवर जितके व्हिडिओ गेम खेळले, तितके एखाद्या हौशी पोरानेही खेळले नसतील; आणि त्यांतला एकही त्यांनी शेवटापर्यंत नेलेला नाही. कुठे राक्षस मारायचा असतो, कुठे किल्ली शोधायची असते, कुठे बुरुजात कोंडलेली राणी सोडवायची असते. काका राक्षसाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पडद्यावरचे माणूस आपल्या हाती आले, की ते त्याला डावीकडे वळवतात आणि त्या जगाच्या अगदी कडेकडेने चालवू लागतात. राणी बुरुजातच राहते.

"काका, ती मरेल ना यार! दोनच मिनिटं आहेत!" पोरे कळवळतात.

काका मान न वळवता म्हणतात, "थांबल ती. आदी बांद फिरून येऊ."

खारघरच्या आमच्या कॉलेजात व्हिडिओ गेम घडवायला शिकवतात. दोन ते पाच विद्यार्थ्यांचा एक गट, हाताशी एक सत्र, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून केलेला एक खेळ, अशी पद्धत. कुणी जमीन घडवतो, कुणी माणसे, कुणी वाऱ्याचा आणि पावलांचा आवाज. मी कवितेच्या वाटेने आलेली बाई. या मुलांना गोष्ट रचायला आणि संवाद लिहायला शिकवावे म्हणून मला बोलावण्यात आले. हसुरामकाका लॅबचे शिपाई. खाडीकाठच्या जुन्या गावातले, आगरी, साठीला टेकलेले, कान मोठे, चालणे जरासे फेंगडे. यंत्रे पुसणे, कुलपे लावणे आणि चहा करणे हे त्यांचे नेमलेले काम. गेम खेळून पाहणे हे न नेमलेले.

आमची पहिली भेट मी विसरणे शक्य नाही. नोकरीचा पहिला दिवस. खिडकीतून भरतीचा खारट, किंचित कुजका वास येत होता, आणि मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून तो ओळखू पाहत होते. तेवढ्यात लॅबमधून आरोळी आली, "पोरगी बुडाली! बुडाली गो पोरगी!" पर्स टाकून मी धावले. आत दहा-बारा मुले निवांत वडापाव खात होती. अनवाणी काका खुर्चीच्या टोकाशी बसले होते, आणि पडद्यावर लाल परकरातली एक चिमुकली मुलगी अथांग निळाईत खाली, आणखी खाली पडत होती.

"कडेला भोक हाय," काकांनी मला गंभीरपणे समजावले. "दिसत नाय. पाय ठेवला का समजतं."

पुढे मला कळले, की खेळातल्या जमिनीला एक न दिसणारा टणकपणा द्यावा लागतो. तो एखाद्या जागी द्यायचा राहिला, तर चालणारे माणूस जमिनीतून आरपार खाली जाते आणि खेळ तिथेच संपतो. मुले नेहमी वाटेच्या मधोमध खेळतात, म्हणून त्यांना ही भोके सापडत नाहीत. काका कडेनेच जातात, म्हणून त्यांना ती चुकत नाहीत.

त्यांचे काही नेम आहेत. खेळायला बसण्यापूर्वी चपला दाराशी काढायच्या. "बांदावर कोन चपला घालून जातो?" पँट एक घडी दुमडायची. पडद्यावरच्या माणसाला एकदा तरी नावाने हाक मारायची. नाव नसेल तर ठेवायचे. भोक सापडले, की भिंतीवर टांगलेल्या नकाशावर त्या जागी ओल्या मातीचा गोळा थापायचा. ही माती ते मूर्ती घडवणाऱ्या वर्गातून मागून आणतात. सत्राच्या अखेरीस एकेका नकाशाला देवी आल्यासारखे फोड आलेले असतात, आणि भोक बुजले म्हणजे काका तो गोळा नखाने खरवडून स्वतः काढतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

माझ्या संवादांवरही त्यांचे लक्ष असे. एका खेळातल्या मुलीसाठी मी अंधार, उजेड आणि एकाकीपण यांवर सहा ओळी लिहिल्या होत्या. मला त्या फार आवडल्या होत्या. काकांनी त्या ऐकल्या, विचार केला आणि म्हणाले, "मॅडम, चांगलंच हाय. पन येवडी बोलली तर हातातला दिवा इझल." मी घरी जाऊन सहाची एक ओळ केली. ती आता बोलते एवढेच : "अजून एक राहिला." खरे सांगायचे तर तीच ओळ चांगली आहे, आणि हे मी अद्याप काकांना सांगितलेले नाही.

मात्र त्यांची खरी ख्याती निराळ्याच गोष्टीसाठी होती. भोक दाखवून ते थांबत नसत. नकाशाजवळ उभे राहून ते विचारत, "हा तुकडा कोनाचा? आन् ह्यो?" दोन नावे कळली, की त्या दोघांना न्याहाळत. मग म्हणत, "तुमचं बोलनं बंद हाय काय?"

आणि ते बंद असे! एकदा हॉस्टेलच्या पंख्यावरून अबोला धरलेली दोन मुले या प्रश्नाने इतकी दचकली, की तिथेच भांडू लागली. आमचे विभागप्रमुख त्यांना गमतीने ज्योतिषी म्हणत. काका बांध फिरायला बसले, की धाकधूक असलेल्या जोड्या उगाच एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहत.

"यात ज्योतिस कसला," काका म्हणाले होते. "भोक पडतं ता जोडावरच पडतं. दोन हात लागतात ना तितं."

गेल्या सत्रात ऋतुजा आणि सानिया यांच्या खेळात असेच भोक पडले. ऋतुजा वाशीची, वडील साताऱ्याकडचे, बाजारात कांद्याबटाट्याचे व्यापारी, बोलणे ठसठशीत. सानिया रायगडच्या किनाऱ्यावरची. आवाज मऊ, हट्ट दगडाचा. पहिल्या वर्षापासून दोघींचा डबा एक. त्यांचा खेळ साधा आणि देखणा होता : अंधारलेल्या बेटावर एक मुलगी विझलेले दिवे लावत लावत दुसऱ्या टोकाच्या दीपगृहापर्यंत जाते. पूर्वेचे खडक आणि घरे ऋतुजाची, पश्चिमेचे रान आणि किनारा सानियाचा. मध्ये एक कोरडा ओढा. तिथे दोघींचे काम जुळत होते.

आणि एके दिवशी दोघींचे काम एकत्र करताना ऋतुजाकडून सानियाचे आठवडाभराचे रान पुसले गेले. पानन् पान हाताने रंगवलेले. सानियाने ते सामाईक जागेत वेळेवर ठेवले नव्हते, कारण तिच्या मते ते अजून पुरेसे सुंदर झाले नव्हते. ऋतुजाने विचारले नव्हते, कारण तिच्या मते विचारण्यासारखे तिथे काही नव्हतेच. दोघींचेही बरोबर होते, आणि म्हणूनच ते भांडण मिटण्यासारखे नव्हते.

सानियाने रान पुन्हा रंगवले. पण त्या दिवसापासून दोघी पाठीला पाठ लावून बसू लागल्या, आणि मध्ये मी टपाल झाले.

"मॅडम, तिला सांगा, तिची जमीन चार बोटं खाली आहे."

"मॅडम, तिला म्हणावं तुझीच वर आहे."

शनिवारी प्रदर्शन होते. बाहेरचे परीक्षक स्वतः खेळून पाहणार होते. त्यावर दोघींचे अख्खे वर्ष अवलंबून होते. बुधवारी काका चपला काढून बसले. दिवेवाली मुलगी, जिचे नाव त्यांनी सुगंधा ठेवले होते, कडेकडेने ओढ्यापर्यंत आली, आणि गेली खाली.

त्यानंतरचे दोन दिवस मी प्रहसनासारखे पाहिले. ऋतुजाने जमीन उचलली, तर सानियाची झाडे हवेत लोंबकळू लागली. सानियाने जमीन खाली केली, तर ऋतुजाची घरे खिडक्यांपर्यंत गाडली गेली. काका दर वेळी सुगंधाला घेऊन जात, दर वेळी ती बुडे, आणि नकाशावरचा गोळा लिंबाएवढा झाला.

शुक्रवारी दुपारी मी वैतागून म्हटले, "काका, तुम्हीच काहीतरी बोला त्यांच्याशी."

ते चहाचे कप विसळत होते. त्यांनी नळ बंद केला.

"आमच्यात खाडीच्या बांदाचा एकेक तुकडा एकेका घराला वाटून दिलेला," ते म्हणाले. "चिंबोऱ्या, म्हंजे खेकडं, भोकं पाडतात. रोज फिरून बगायचं, भोक दिसलं का चिखल भरायचा. आमची वाटनी झाली तसा आमचा तुकडाबी वाटला. अर्दा माजा, अर्दा मोठ्या भावाचा, काशिनाथचा. जोडावर भोक पडलं. मी बगितलं. त्यानंबी बगितलं. मना वाटलं ता त्याच्या अंगाला हाय. त्याला वाटलं माज्या." त्यांनी कप उपडा ठेवला. "उदानाच्या भरतीला दर्या आत आला. आख्ख्या गावाचं भात गेलं. जमीन खारली."

"मग?"

"मंग काय. बोलनं बंद. पुडं जमिनी सरकारात गेल्या, बांदावरून रस्ता गेला. आता तितं सिग्नल हाय." ते किंचित हसले. "शेत गेलं, बांद गेला, भांडान तेवडं राह्यलं. त्यो नावड्याला, मी हितं."

हात पुसून ते लॅबमध्ये गेले, चपला काढल्या, सुगंधाला ओढ्याच्या अगदी कडेवर नेऊन उभे केले आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"ही आता हलनार नाय," त्यांनी जाहीर केले. "दोगी या हितं. एकाच मशिनवर."

"काका, उद्या प्रदर्शन आहे, टेन्शन देऊ नका," ऋतुजा म्हणाली.

"म्हनून तर. आमच्यात एक जन चिखल टाकतो, दुसरा पायानं दाबतो. एकट्यानं भरलेला जोड पुडच्या भरतीला जातो. बस गो सानिया. माउस तू धर. ऋतुजा, तू सांग किती."

पहिला अर्धा तास खोलीत फक्त आकडे ऐकू आले. "दोन वर." "झालं." "अर्धा खाली." मग ऋतुजा म्हणाली, "अगं बावळट, झाडाला धरून उचल ना." सानिया म्हणाली, "बावळट तू. तू पुसलंस माझं झाड." आणि मग दोघी इतक्या कडाडून भांडल्या, की शेजारच्या वर्गातून माणसे डोकावली. मी पुढे सरसावले, तर काकांनी हात आडवा केला. त्यांचा चेहरा गाणे ऐकणाऱ्यासारखा झाला होता. भांडणाच्या ऐन मध्यावर सानिया रडली, ऋतुजाने तिला आपला रुमाल दिला, तो मळका निघाला, आणि दोघी हसत सुटल्या. संध्याकाळी सुगंधा ओढा ओलांडून गेली. काकांनी मातीचा गोळा काढून कुंडीत टाकला.

शनिवारी प्रदर्शनाला मुलांच्या घरची माणसे आली होती. अत्तर, बटाटावेफर आणि तापलेल्या यंत्रांचा मिसळलेला वास. परीक्षक खेळून गेले. सुगंधाने सगळे दिवे लावले. काका मात्र कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सकाळपासून दाराकडे पाहत होते.

"काय काका, पाहुणे यायचेत वाटतं?" मी छेडले.

"नाय ना. आपल्याकडं कोन येतो," असे म्हणून त्यांनी तीनदा पुसलेला कंट्रोलर चौथ्यांदा पुसायला घेतला.

ऋतुजाने मला बाजूला ओढले. "मॅडम, काल त्यांनी माझ्याकडून आमंत्रणाचा फोटो पाठवून घेतला. नावड्याला, पुतण्याच्या फोनवर. म्हणाले, कुनी पाठवला ता लिहू नको."

चार वाजून गेले. गर्दी पातळ झाली. काकांनी एका यंत्राचे बटण बंद केले, मग दुसऱ्याचे. सुगंधाचे यंत्र त्यांनी चालू ठेवले.

तेव्हा दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. तेच कान. त्याने आत कुणाकडेही पाहिले नाही. पायांतल्या चपला काढून दाराशी, काकांच्या चपलांच्या शेजारी ठेवल्या आणि फेंगडे चालत येऊन तो थेट सुगंधासमोर बसला.

"आजोबा, हे दिवे लावत लावत तिकडं टोकाला..." सानिया सांगू लागली.

म्हाताऱ्याने ऐकले नाही. बोटे चाचपडत त्याने सुगंधाला डावीकडे वळवले आणि तो तिला बेटाच्या कडेकडेने चालवू लागला.

ऋतुजाने सानियाचा हात घट्ट धरला. काका पाठमोरे होते. हातातले फडके तेवढे थांबले होते. सुगंधा खडकांवरून गेली, घरांमागून गेली, ओढ्यापाशी आली आणि थांबली. म्हाताऱ्याने तिला त्याच जागी उडी मारायला लावली. एकदा, दोनदा, पायाने चिखल दाबावा तशी. जमीन हलली नाही.

"ह्यो जोड कोनी भरला?" त्याने पडद्यालाच विचारले.

"दोगींनी," काका भिंतीला म्हणाले.

म्हाताऱ्याने पुन्हा एकदा सुगंधाला उडी मारायला लावली. मग कंट्रोलर खाली ठेवला.

"चा मिलल काय हितं?"

काका जवळजवळ पळतच निघाले. दाराशी त्यांनी घाईघाईने पाय सरकवले ते भावाच्या चपलांत. आणि त्याच पायांत घालून ते जिना उतरले, चहा घेऊन वर आले, पुन्हा साखरेसाठी खाली गेले. चपला दुसऱ्याच्या आहेत, हे त्यांच्या लक्षातही आले नाही.