उन्हाली शिबिर

भिलाईत मे महिन्यात मुले तीन प्रकारची असतात. पहिली कोचिंगला गेलेली, दुसरी गोंदिया-भंडाऱ्याकडे मामाच्या गावी गेलेली, आणि तिसरी उरलेली. पहिल्या दोहोंची काळजी अनुक्रमे देश आणि मामा घेतात. उरलेल्यांची काळजी त्या वर्षी सिंधुताई चकोले यांनी घ्यायला सुरुवात केली, आणि पुढचा सगळा प्रकार त्यातूनच उद्भवला.

सिंधुताईंचे वय बहात्तर. नवरा चरोद्याला रेल्वेत होता. तो गेल्यावर त्या मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. तरुणपणी काही वर्षे त्यांनी बालवाडी चालवली होती, तेवढेच त्यांचे शिक्षणक्षेत्रातले योगदान. ऊन चढायच्या आत, सकाळी सात ते नऊ, त्या मागच्या आंब्याखाली सहा मुलांना मराठी शिकवू लागल्या. पुस्तक नव्हते, हजेरी नव्हती, उद्देशपत्रिका तर नव्हतीच. जो ‘ळ’चा ‘ल’ न करता ‘बाळ, माळ, काळा फळा’ असे म्हणून दाखवील त्याला तिखट-मीठ लावलेली कैरीची फोड, एवढाच अभ्यासक्रम होता.

सहांपैकी एक नीतू, म्हणजे शालिकराम भुरे यांची नात. दुसरी तिची मैत्रीण टिकेश्वरी साहू. टिकेश्वरीचे वडील सुपेल्याच्या बाजारात वेल्डिंगचे काम करीत. ती घरी छत्तीसगढी बोले, शाळेत हिंदी बोले, आणि कैरीसाठी मराठी बोलू लागली. सर्वांत जास्त कैऱ्या तिनेच खाल्ल्या.

शालिकराम भुरे हे पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ आणि भिलाईतल्या मराठी समाजाच्या मंडळाचे प्रसिद्धीप्रमुख. मंडळाचे मासिक पत्रक ते मोबाइलवर टाईप करून दोनशे बारा सभासदांच्या ग्रुपवर टाकीत. त्यांना एक दुःख होते. तुमसरकडच्या गावी त्यांची थोरली बहीण रुक्माबाई राहत असे. दर रविवारी तिचा फोन येई, शालिकराम तो नीतूकडे देत, आणि नीतू दोन मिनिटांत परत देई. “दादाजी, आप ही बात करो. मेरे को समझता नहीं.” पलीकडून रुक्माबाई म्हणे, “शालिक, पोरगी माह्यावर नाराज आहे काय रे?” ती नाराज नाही, तिला मराठी येत नाही, हे बहिणीला सांगायची शालिकरामांना आजवर हिंमत झाली नव्हती.

आंब्याखाली बसायला लागल्यावरच्या दुसऱ्या रविवारी नीतूने फोन कानाला लावला आणि शब्द शब्द जुळवत म्हटले, “आजी, जेवली काय? तुह्या गाई कशा आहेत?”

पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला. त्यानंतर रुक्माबाई पाऊण तास गाईंची हालहवाल सांगत होती आणि नीतू पाऊण तास “हो जी, हो जी” म्हणत होती. शालिकराम उगाचच स्वयंपाकघरात जाऊन दोन वेळा पाणी पिऊन आले.

माणूस आनंदात चुका करतो. शालिकरामांनी त्याच दुपारी पत्रकात चार ओळींची बातमी दिली: ‘श्रीमती सिंधुताई चकोले रोज सकाळी मुलांना मराठी शिकवत आहेत. मुले बोलू लागली आहेत.’

संध्याकाळपर्यंत एकशे चार अंगठे आले. आठ वाजता अध्यक्ष रामाजी वंजारी यांचा फोन आला. तातडीची बैठक होती.

“समाजात शिबिर सुरू आहे, अन् मंडळालेच पत्ता नाही?” रामाजींनी बैठकीत विचारले.

“शिबिर नाही जी,” शालिकराम म्हणाले. “ताई आपल्या मनानं शिकवून राहिल्या.”

सचिव भैयालाल निखाडे यांनी चष्मा पुसला. त्यांची सारी नोकरी कार्मिक विभागात गेली होती. फाईलवर नसलेली कोणतीही गोष्ट त्यांना दिसत नसे.

“मनानं चालते ते टिकत नाही, भुरेजी. सिस्टिम पाहिजे. उद्या ताईची तबेत बिघडली, तर जिम्मेदार कोण?”

कोणीच जबाबदार नसल्याचे आढळून आल्याने अकरा जणांची समिती नेमण्यात आली. समितीच्या पहिल्याच बैठकीत असे लक्षात आले की समिती अकरा आणि मुले सहा, हे प्रमाण दिसायला बरे नाही. समिती कमी करणे शक्य नव्हते, कारण नावे जाहीर झाली होती. म्हणून मुले वाढवायचे ठरले. ग्रुपवर आवाहन गेले, प्रमाणपत्र मिळेल असे त्यात लिहिले, आणि तीन दिवसांत एक्केचाळीस नावे आली. त्यातल्या निम्म्या पालकांनी फक्त एवढेच विचारले की प्रमाणपत्र शाळेत चालेल ना.

एवढी मुले आंब्याखाली मावणार नव्हती. सबब शिबिर मंडळाच्या सभागृहात हलवण्यात आले, आणि सभागृहात हलवल्यामुळे उद्घाटन आवश्यक झाले. उद्घाटनाला पाहुणे लागतात. एक फार मोठे साहेब यायला तयार झाले. साहेब येणार म्हटल्यावर मुलांची निवड काटेकोर हवी, म्हणून भैयालालजींनी नियमावली केली. तिचा पहिला नियम होता: ‘शिबिरार्थीस मराठी लिहिता-वाचता येणे अनिवार्य.’

शालिकरामांनी तो तीनदा वाचला. “निखाडेजी, ज्याले मराठी येते, तो शिबिरात कायले येईन?”

“अन् ज्याले येतच नाही त्याले साहेबासमोर कसं बसवाचं? इज्जत जाईन ना समाजाची.”

खरे सांगायचे तर भैयालालजींचे म्हणणे शालिकरामांना क्षणभर पटलेसुद्धा.

पात्रता परीक्षा झाली. विषय होता ‘माझी मातृभाषा’, दहा ओळी. अर्ज मात्र हिंदीत होता, कारण पालकांना तो भरायचा होता. एक्केचाळीसपैकी चाळीस मुले नापास झाली. नीतूचे ‘मातृभाषा’ बरोबर आले, पण तिच्या चारच ओळी झाल्या. एकच मुलगी पास झाली: टिकेश्वरी साहू. तिने लिहिले होते, ‘माझी मातृभाषा छत्तीसगढी आहे. पण मला मराठीपण येते. मराठीत कैरी फार आंबट असते.’

समितीपुढे पेच पडला. चाळीस मुले मराठी होती पण त्यांना मराठी येत नव्हती. एकीला येत होती पण ती मराठी नव्हती. दीड तास चर्चा झाली. अखेर सर्वानुमते ठरले की चाळीस जणांना ‘तात्पुरते उत्तीर्ण’ समजावे आणि टिकेश्वरीला प्रतीक्षा यादीत ठेवावे. प्रतीक्षा यादीत ती एकटीच असल्याने तिचा क्रमांक पहिला लागला. तिच्या वडिलांना तसे अभिनंदनाचे पत्रही गेले.

दरम्यान आंब्याखालचा वर्ग ‘शिबिराच्या तयारीस्तव स्थगित’ करण्यात आला होता. चाळीस मुलांना रोज सभागृहात बोलावून स्वागतगीत शिकवले जात होते. गीत भैयालालजींनी स्वतः रचले होते आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांना भरभर वाचता यावे म्हणून इंग्रजी अक्षरांत छापले होते. सिंधुताईंना ‘मुख्य मार्गदर्शक’ हे पद देऊन एका खुर्चीवर बसवण्यात आले. चार दिवस त्या बसल्या. पाचव्या दिवशी त्यांनी विचारले, “मंग शिकवाचं कवा जी?”

“ते समारोपानंतर पाहू,” भैयालालजी म्हणाले.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बॅनर लागला. सुपेल्यातल्या दुकानातून तो छापून आला होता आणि त्यावर हातभर अक्षरांत लिहिले होते: ‘उन्हाली मराठी शिबिर’. मोठ्यांपैकी कोणाला काही खटकले नाही. नीतू मात्र खाली उभी राहून, बोटाने हवेत अक्षरे गिरवत वाचत होती. “उ… न्हा… ली.” ती आजोबांकडे वळली. “दादाजी, ये गलत है. ळ पाहिजे. जीभ मागं नेऊन.”

शालिकरामांनी ते भैयालालजींना सांगितले. भैयालालजींनी फाईल उघडली. “नमुना मंजूर झाला आहे. अकराच्या अकरा सह्या आहेत. आता अक्षर बदलाचं तर बैठक घ्या लागन, अन् चार जण लग्नाले गेले आहेत.” त्यांनी तिथल्या तिथे टिपण लिहिले: ‘शिबिराच्या कालावधीपुरते उन्हाली हेच शुद्ध समजावे.’

सिंधुताईंनी ते ऐकले आणि एवढेच म्हणाल्या, “मंग मी पोराईकडून कैऱ्या वापस घेऊ काय?”

शालिकरामांना तिथे उभे राहवेना.

आठ जूनला सकाळी अकरा वाजता साहेब आले. त्यांच्याकडे चाळीस मिनिटे होती आणि यानंतरची तारीख ऑगस्टात मिळत होती. सबब उद्घाटन आणि समारोप एकत्र करण्यात आले. दीपप्रज्वलनाने शिबिर सुरू झाले आणि प्रमाणपत्रवाटपाने ते संपणार होते. मधल्या वेळात अकरा समिती सदस्यांचा, प्रत्येकी एका पुष्पगुच्छाने, सत्कार झाला. साहेबांनी ‘मराठी बहुत मीठी भाषा है’ असे हिंदीत सांगितले. रामाजींनी त्याला हिंदीत दुजोरा दिला. स्वागतगीत चांगले झाले. त्यातला एकही शब्द कोणाला कळला नाही, पण चाल देशभक्तीपर होती.

मग साहेब म्हणाले, “कोई बच्चा मराठी में दो शब्द बोले, तो अच्छा लगेगा.”

भैयालालजींनी चाळीस मुलांकडे पाहिले. चाळीस मुलांनी आपापल्या चपलांकडे पाहिले. मागच्या दाराशी, नीतूची पाण्याची बाटली सांभाळत, प्रतीक्षा यादी उभी होती.

भैयालालजींनी सेवेत असताना अनेक संकटे निभावली होती. त्यांनी माईक हाती घेतला. “आता आपल्या समाजाची गुणी कन्या, कुमारी टिकेश्वरी साहूकर!”

टिकेश्वरी पुढे आली. माईक तिच्या डोक्यापेक्षा उंच होता. कोणीतरी तो वाकवला.

“साहूकर नाही जी, साहू,” ती आधी म्हणाली. मग दोन्ही हात जोडून स्पष्ट, खणखणीत मराठीत बोलली. “नमस्कार. मला सिंधूआजीनं मराठी शिकवलं. आंब्याखाली शिकवलं. पंधरा दिवस रोज शिकवलं. मग शिबिर आलं. तेव्हापासून शिकवणं बंद आहे. धन्यवाद.”

साहेबांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. मग रामाजींनी, मग अख्ख्या सभागृहाने. साहेब मागे वळून म्हणाले, “वाह! क्या उच्चारण है! आपके शिबिर का कमाल है.” भैयालालजींनी नम्रपणे मान झुकवली. टाळ्या थांबेनात. दोनशे माणसांच्या त्या सभागृहात दोनच जण टाळ्या वाजवत नव्हते: तिसऱ्या रांगेत बसलेल्या सिंधुताई आणि भिंतीला टेकून उभे असलेले शालिकराम. सिंधुताईंच्या डोळ्यांत पाणी होते. शालिकरामांना वाटले, ते दुःखाचे असेल. जवळ गेल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊ, पोरीनं ‘शिकवणं’ म्हटलं. ‘शिकवना’ नाही म्हटलं. ऐकलं काय तुमी?”

शालिकरामांनी ऐकले नव्हते.

घरी आल्यावर त्यांच्या मोबाइलवर कार्यक्रमाचे वृत्त आलेले होते. भैयालालजींनी ते आदल्या दिवशीच तयार केले होते. शालिकरामांनी ते बाजूला ठेवले आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच रेल मिलमधल्यासारखे, बिघाड जिथे आहे तिथेच दाखवणारा रिपोर्ट लिहिला. वर्ग आधी चालू होता, मंडळाने तो बंद केला. शिबिर चाळीस मिनिटे झाले, त्यात काहीही शिकवले गेले नाही. बॅनरवरचा शब्द चुकीचा होता. आणि या सर्वाची सुरुवात प्रसिद्धीप्रमुखाने बातमी देऊन केली, त्याबद्दल तो सिंधुताईंची आणि मुलांची माफी मागतो. खाली नाव लिहिले. त्यांनी डोळे मिटून तो पाठवून दिला आणि राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत बसले.

पहिले उत्तर दोन मिनिटांत आले. ‘अप्रतिम.’ मग जोडलेले हात. मग ‘समाजाला आपला अभिमान आहे.’ जेवणाच्या वेळेपर्यंत एकशे एकोणसत्तर अंगठे झाले होते. शेवटी अध्यक्षांचा संदेश आला: ‘बहुत बढ़िया रिपोर्ट, भुरेजी. हिंदी में भी डाल दीजिए, तो सब लोग पढ़ लेंगे.’

शालिकरामांनी मोबाइल पालथा ठेवला आणि ते तडक सिंधुताईंकडे गेले. त्या अंगणात पाणी मारत होत्या.

“ताई, चूक माही झाली. मी ते छापाले नव्हतं पाहिजे.”

“चूक कायची जी? चांगल्या मनानं केलं तुमी.” त्यांनी बादली खाली ठेवली. “शाळा सोळा तारखेले उघडते. सात दिवस आहेत मधात. पोराईले उद्या सातले पाठवा. साहूच्या पोरीलेही सांगा. पण भाऊ, एक करा. आता कोणाले सांगू नका.”

शालिकरामांनी शब्द दिला आणि पाळला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सात वाजता ते सिंधुताईंच्या फाटकासमोर खुर्ची टाकून बसू लागले. मंडळातले कोणी फिरायला निघालेले दिसले, की ते उठून त्याला दुसऱ्या रस्त्याने घेऊन जात आणि पाऊण तास प्लांटच्या आठवणी सांगत. त्या आठवड्यात त्यांचे दीड किलो वजन कमी झाले. नीतू ‘च’ आणि ‘ज’च्या दोन-दोन उच्चारांपर्यंत पोहोचली.

तो वर्ग आता सुट्टी नसतानाही, दर रविवारी भरतो. कोणत्या सेक्टरमध्ये आणि कितव्या रस्त्यावर, हे इथे लिहिलेले नाही, आणि ते विसरून राहिलेले नाही. तुम्ही भले आहात. मराठीविषयी तुम्हाला कळवळा आहे. इथवर वाचत आलात, तेव्हा या बाईंसाठी आपण सर्वांनी मिळून काहीतरी केले पाहिजे, असे तुमच्या मनात आलेच असेल.

नेमकी तीच भीती आहे.