तीनशे बारा लिफाफ्यांचं प्रकरण

मी गुणवंतराव. सावली गावच्या आमच्या धान बियाणे सोसायटीचा आवक-जावक कारकून, पण ते फक्त पगारपत्रकापुरतं. आतून मी गुप्तहेर आहे. चपलेवरचा चिखल पाहून मी माणसाचं गाव सांगतो. दहापैकी नऊ वेळा तो दुसऱ्याच गावचा निघतो, पण त्यात चूक चिखलाची असते.

या खेपेला तीनशे बारा सभासदांना ज्याच्या-त्याच्या नावाचं बियाणे वाटपाचं पत्र पाठवलं, आणि पत्रं भलत्याच घरी पोचली. मार्कंडा गावच्या वामनरावांना सुगंधाबाईंचं, सुगंधाबाईंना तिसऱ्याच कुणाचं. सकाळपासून दारात बोंबाबोंब. व्यवस्थापक साहेबांनी एका वाक्यात निकाल लावला: पत्ते मयुरीनं छापले, सोमवारपासून मयुरी बंद. मयुरी कंत्राटी. तिला काढायला तसंही कारण लागत नाही, इथे तर आयतं मिळालं.

"भाऊ, माही यादी बरोबर आहे जी," ती रडवेली होऊन म्हणाली. "घर माह्याच भरवशावर चालते. तुमी तपास करून राह्यले ना?"

"करून राह्यलो. दिवस बुडायच्या आत गुन्हेगार तुह्यासमोर उभा करतो."

पहिला संशय कॉम्प्युटरवर. नावांचा रकाना खाली सरकला आणि गावांचा जागीच राहिला, असा सिद्धांत मी मांडला. मयुरीनं यादी उघडली. नाव, गाव, पोस्ट, तालुका, पिनकोड, सगळं जागच्या जागी. सिद्धांत तिथंच मेला.

मग टपाल वाटणाऱ्या नीलाबाई. "तुमी रस्त्यात लिफाफे फोडून पत्रं अदलाबदल केली!" मी डोळ्यांत डोळे घालून म्हणालो.

"तीनशे बारा?" त्या म्हणाल्या. "मले घरी सैपाक नाई का?"

साक्ष बिनतोड होती.

उरला शिपाई मुखरू. पत्त्यांच्या स्टिकर कागदाचा प्रस्ताव दोन वर्षांपासून साहेबांच्या टेबलावर 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन पडला आहे. चर्चा काही होत नाही. म्हणून मयुरी साध्या कागदावर पत्ते छापते, मुखरू कात्रीनं कापतो आणि भाताची खळ लावून चिकटवतो. धानाच्या मुलखात खळीला काय तोटा!

"खळीत गुंगीचं औषध घातलं ना तू?" मी गरजलो.

"लिफाफ्याले गुंगी कशी येईन, भाऊ?"

मी यावर विचार करत असतानाच सभासद बायनाबाई आल्या. हातात लिफाफा, कपाळावर आठ्या.

"काऊन जी, पत्ता लिफाफ्याच्या पाठीवर चिकटवता?"

मी भिंग लावलं. पुढची बाजू कोरी, नुसता वाळलेल्या खळीचा चौकोन. पत्ता मागे.

"वल्ल्या पापडावर पापड ठेवून दाबला, तं खालचा वरच्याले चिकटते," बाई म्हणाल्या. "तसाच खालच्या लिफाफ्याचा पत्ता वरच्याच्या पाठीले लागला. एकाचं पत्र, दुसऱ्याचा पत्ता. एवढं तं लेकराले समजते. गठ्ठ्यावर वजन कोनं ठेवलं?"

मुखरूनं माझ्याकडे पाहिलं. नीलाबाईंनी पाहिलं. मयुरीनं तर पापणीही हलवली नाही.

मीच ठेवलं होतं. आवक-जावकची पाच रजिस्टरं, पत्ते पक्के बसावेत म्हणून, खळ ओली असतानाच. अशा वेळी शिपायाचं नाव सांगायची आमच्या कार्यालयात जुनी पद्धत आहे, आणि मुखरू हाताशी होता. पण मयुरीचं तोंड पाहून माझी जीभच वळेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तडक साहेबांच्या खोलीत गेलो.

"साहेब, गुन्हेगार सापडला. मीच तो. पोरीला काढू नका."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "गुणवंतराव, तुम्ही कायम नोकरीतले. तुमची रीतसर चौकशी लावावी लागेल."

"आणि मयुरी?"

"तिला काढलं तर चौकशीचे कागद टाईप कोण करणार? चौकशी संपेपर्यंत राहू द्या." साहेबांनी आदेशावर सही ठोकली. "चौकशी अधिकारी तुम्हीच. तपासाचा अनुभव इथे दुसऱ्या कोणाला आहे?"

त्याच दिवशी मी स्वतःला सात दिवसांत खुलासा मागवणारी नोटीस बजावली. त्याला आता आठ महिने झाले. आरोपी दाद देत नाही, चौकशी संपत नाही, आणि मयुरी दर सोमवारी हसत विचारते, "भाऊ, आणखी एक स्मरणपत्र टाईप करू का?"