दहा इंची आरसा आणि दसऱ्याचं कुंकू

दसऱ्याच्या सकाळी शाळेतलं सरस्वतीपूजन उरकून दादाभाऊ मास्तर निमगाव साव्याच्या घरी परतले आणि ओट्यावरचा थाट पाहून पायरीवरच थबकले. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, मोटारीचा स्टार्टर अशी अवजारं पूजेला मांडली होती आणि मधोमध झेंडूत, त्यांनी काल काढून ठेवलेला दुर्बिणीचा दहा इंची आरसा. त्याच्या बरोब्बर मध्यावर आईनं, प्रयागबाईंनी, ठसठशीत कुंकू लावलं होतं.

हा आरसा मास्तरांनी दोन वर्षं हातानं घासून घडवला होता. आरशाच्या मध्यावर खूण करावी, म्हणजे तळाचा हा मोठा आणि वरचा छोटा असे दोन्ही आरसे एका रेषेत आणता येतात, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. पण त्या काचेला डाग लावायला मास्तरांचा जीव होईना, म्हणून त्यांनी सगळं अंदाजानं जुळवलं. परिणामी गणपतीत अख्ख्या आळीनं गुरू ग्रह पाहिला तो फुटक्या अंड्यासारखा. ग्रहाला मोतीबिंदू झालाय, असं निदान शेजारच्या गेणभाऊनं केलं. वडील सावळाराम यांनी तर निकालच दिला. दुर्बिणीची नळी म्हणजे मुळात विहिरीवरचा पाइप. दसऱ्याला ग्रह धड दिसला नाही, तर पाइप परत विहिरीवर.

"आई, काय केलंस हे?"

"तुजं अवजार हाये ना? मंग दसऱ्याला बिनकुंकवाचं ठिवू व्हय?"

पुसावं तर कुंकवाच्या कणीनं ओरखडे पडायचे. मास्तरांनी रडवेल्या तोंडानं अक्षता झटकल्या आणि कुंकवासकट आरसा पाइपात बसवला.

संध्याकाळी सोनं वाटून आळी अंगणात जमली. सावळाराम पाइप सोडवायला हातात पान्हा घेऊनच बसले होते. अजून उजेड होता. मास्तरांनी डोळ्याजवळचं भिंग काढून भोकातून आत पाहिलं. वरच्या छोट्या आरशात लाल ठिपका दिसत होता, पण पार कडेला. म्हणजे महिनाभर दुर्बीण तिरळं बघत होती! त्यांनी छोट्या आरशाचे स्क्रू फिरवून कुंकू मध्यावर आणलं. मग मोठ्या आरशामागचे स्क्रू फिरवत बसले, आपल्याच डोळ्याचं प्रतिबिंब त्या कुंकवावर येईपर्यंत.

अंधारल्यावर गुरू दिसला. वाटोळा गरगरीत, अंगावर दोन पट्टे आणि शेजारी चार चंद्र ओळीनं. मास्तरांनी आनंदानं अंगणात गिरकी घेतली, भिंगाची डबी गेणभाऊच्या पायावर पाडली आणि धावत जाऊन आईचे पाय धरले. बरोब्बर मध्य कसा सापडला, हे विचारल्याशिवाय त्यांना राहवेना.

"पन्नास वर्सं आरशात न बघता कपाळाला लावतीय," प्रयागबाई म्हणाल्या. "हात आपसूक मधी जातो."

सावळाराम भिंगाला डोळा लावून इतका वेळ उभे राहिले, की मागची रांग कुरकुरू लागली. अखेर त्यांनी पान्हा लेकाच्या हातात दिला.

"घरात ठिव ह्यो. विहिरीला दुसरा पाइप बघू."



दुसऱ्या दिवशी सकाळी गेणभाऊ दारात उभा होता. खांद्यावर टीव्हीचा अँटेना.

"मावशी, ह्याला बी मधी जरा कुंकू लावा. मुंग्या लई येत्यात."